अनुशेषआप्पा

बीडजवळच्या पालीच्या फाट्यावर सकाळी चहाच्या टपरीत एखादा माणूस पाच रुपयांच्या बिस्किटपुड्याचा कागद उभा फाडून आतल्या चंदेरी बाजूवर आकडे मांडताना दिसला, तर ते आमचे आप्पा. त्या बाजूवर पेन उठत नाही. आप्पा दाबून दाबून उठवतात. तोवर बिस्कीट चहात विरघळून तळाला जातं.

"पाच टक्के जीएसटी, म्हंजे चोवीस पैसे. बारा गेले दिल्लीला. माघारी किती आले, सांग!"

सांगणार कोण? आप्पांना पाठ असतं. राज्यांना वाटायच्या 100 रुपयांतले पंधराव्या वित्त आयोगाने उत्तर प्रदेशाला जवळपास 18 दिले, बिहारला 10, आणि महाराष्ट्राला 6 रुपये 32 पैसे. "अन् देशाच्या आयकर-कंपनीकरातला तिसऱ्या हिश्शाहून जास्त पैसा आपला!" 'आपला' म्हणताना हात छातीवर. आप्पांचं उत्पन्न शेतीचं, आयकराचा एक रुपया त्यांनी कधी भरलेला नाही. कंपन्यांच्या कचेऱ्या मुंबईत, म्हणून देशभरातल्या धंद्याचा कर तिथं भरलेला दिसतो, असं मास्तरांनी एकदा सांगून पाहिलं. आप्पा तेव्हापासून मास्तरांना 'दिल्लीवाले' म्हणतात.

17 सप्टेंबर 2025 ला बीडला रेल्वे आली. गाव नाचलं, आप्पा हिशेबात. "गाडी दिल्लीची, निम्मं बिल राज्याचं!"

दिवाळीला मुंबईचा पुतण्या म्हणाला, "काका, आमच्या पैशावर तुमचा मराठवाडा चालतो." झालं! दिल्लीच्या वेशीवर देणारे असलेले आप्पा पुण्याच्या अलीकडे येताच घेणेकरी झाले. 1953 चा नागपूर करार निघाला, 1984 चा दांडेकर समितीचा अहवाल निघाला, मराठवाड्याचा साडेसातशे कोटींचा अनुशेष निघाला. "भीक नाही मागत, बाकी मागतोय!" बीडच्या वेशीवर पुन्हा देणारे: बिंदुसरेचं धरण पालीत, नळ बीडच्या घरात.

हे सगळं धाकट्या भावाने वर्षानुवर्षं शेजारच्या बाकावर बसून ऐकलं होतं. परवा तो म्हणाला, "आप्पा, विहीर सामाईक. मला निम्म्याहून जास्त पाणी पाहिजे."

"कामून? खोदाईचा पैसा कुणाचा?"

"तुमचाच. पर माझं रान हलकं, खाणारी तोंडं सात. तुमच्या पंधराव्या आयोगात गरिबीला 45 टक्के वजन व्हतं म्हणं."

आप्पांचा पेन थांबला. टपरीवाला वळून बघायला लागला, त्याचं दूध उतू गेलं. बऱ्याच वेळाने आप्पा एवढंच म्हणाले, "घरातच बिहार निघाला."

सूत्र ठरवायला भावकीची बैठक दोनदा झाली. मोटारीचा स्टार्टर अजून आप्पांच्याच कोठ्यात आहे.