वॉरंटीत बसत नाही

केनवडच्या टपरीपुढे पांढरी गाडी थांबली आणि उतरलेल्या गृहस्थानं दार लावून, उघडून, पुन्हा लावून त्या आवाजाकडे कान दिला, की समजावं, वॉरंटीभाऊ आले. असा एक इसम प्रत्येक तालुक्यात असतो. रिसोड तालुक्याच्या वाट्याला हे आलेत.

गाडी सोयाबीन-तुरीच्या पैशाची. इंजिनाबद्दल त्यांचं काही म्हणणं नाही; जीव सगळा आतल्या प्लॅस्टिकात. कप होल्डरमध्ये लिटरची बाटली तिरपी राहते आणि गियर टाकताना कोपराला लागते. गियरभोवतीची चकचकीत काळी पट्टी दुपट्ट्यानं पुसली तर ओरखडे, नाही पुसली तर धूळ. "बनवणाऱ्यानं मळणी पाह्यलीच नसन, राजेहो!" एसी कमी करायला स्क्रीनवर बोट न्यावं तर खड्ड्यात ते घसरतं आणि रेडिओ लागतो. युरो एनकॅप या चाचणी संस्थेनं 2026 पासून इंडिकेटर, हॉर्न, वायपर वगैरेंना खरी बटणं असली तरच पूर्ण गुण, असं ठरवल्याचं कळलं, तेव्हापासून युरोप आपल्या मतावर आल्याचं भाऊ सांगत फिरतात.

पण खरं दुखणं म्हणजे खडखड. उन्हानं प्लॅस्टिक लोखंडापेक्षा कितीतरी जास्त फुगतं, क्लिपा सैल होतात आणि मे संपेस्तोवर डॅशबोर्ड भजनाला बसतो. अकोल्याच्या सर्व्हिस सेंटरचा पोरगा गाडी गुळगुळीत डांबरावरून फिरवून आणतो आणि म्हणतो, "सर, नॉर्मल आहे." मग भाऊंची स्वतःची चिकित्सा सुरू होते. रिसोडच्या बाजाराला निघालेल्या चौघांना फुकट बसवायचं आणि एकेकाला जागा नेमून द्यायची : तू दार दाब, तू खांब दाब, तू ग्लोव्ह बॉक्स. आवाज थांबला की सगळ्यांनी आळीपाळीनं हात काढायचे. चोर सापडला, की फटीत सायकलच्या ट्यूबची पट्टी नाहीतर अगरबत्तीच्या खोक्याचा पुठ्ठा. आता त्या गाडीत कंपनीच्या मालापेक्षा अगरबत्तीचा वास जास्त आहे.

वॉरंटीचं पुस्तक त्यांना तोंडपाठ. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, वायपरचं रबर हे झिजणारे भाग, म्हणून नाही. उंदरानं कुरतडलं तर बाह्य कारण, म्हणून नाही. डिकीत तुरीचं पोतं राहिलं आणि उंदरानं मागच्या सीटचा फोम अन् एक वायर फस्त केली, तेव्हा भाऊंनी लेखी विचारलं, "उंदीर गाडीच्या आत राहत होता, मग कारण बाह्य कसे?" उत्तर अजून यायचंय.

वाशिमच्या ग्राहक आयोगात जाण्याची धमकी ते दर सर्व्हिसिंगला देतात. पाच ते दहा लाखांच्या गाडीला तक्रारीची फी 200 रुपये, हेही त्यांना ठाऊक. जात मात्र नाहीत. मला विचाराल तर, उद्या कंपनीनं सगळं फुकटात दुरुस्त करून दिलं, तर हा माणूस महिनाभरात आजारी पडेल.

परवा पुतण्याच्या लग्नात नवरा-नवरीसाठी हीच गाडी सजवली. फुलं लागली, करवल्या मागं बसायला धावल्या. भाऊंनी हात आडवा केला.

"थांबा! नवरी पुढं बसन."

"काहून, भाऊ?"

"ग्लोव्ह बॉक्सले गुडघा कोन लावन मंग? अन् नवरदेवाले सांगा, वरातभर डाव्या दाराचा कोपरा सोडाचा नाही."