सबुरीचे हप्ते

पोरांना ‘नीट’च्या शिकवणीसाठी लातूरला धाडणाऱ्या सेलूच्या पालकांचे अभिनंदन करावे तेवढे थोडे. साईबाबांचे गुरू मानले गेलेले वेंकुशा याच गावचे. साईचरित्रातल्या गुरूने दक्षिणा मागितली ती दोनच पैसे: निष्ठा आणि सबुरी. हल्लीचे गुरू लातूरला बसतात. दक्षिणा हप्त्याने घेतात. सबुरी तेवढी घरून डब्यात आणावी लागते.

बापाची इच्छा माफक: पोराला ‘नीट’मध्ये ७२० पैकी ७२०. देवही दिलदार. २०२४ च्या जूनमध्ये त्याने एकदम ६७ जणांना पैकीच्या पैकी दिले. मग वाढीव गुण, फेरपरीक्षा, सर्वोच्च न्यायालय असे करता करता जुलैअखेर १७ उरले. वरदान तपासून घ्यावे, हे कोवळ्या वयात शिकवणारी दुसरी परीक्षा दाखवा.

आमची नम्र सूचना एवढीच की, बारावीपर्यंत थांबूच नये. पाचवीच्या रात्री सटवाईपुढे कोरा कागद न ठेवता थेट ओएमआर पत्रिका ठेवावी. गोल तिनेच काळे करावेत. पोराला काय व्हायचे आहे, हे विचारायची वेळच येणार नाही. तशी ती आजही येत नाही.

नियम मात्र तेच राहतील: चुकलेल्या उत्तराला एक गुण वजा, चुकलेल्या इच्छेला एक वर्ष.