आमची चौथी पिढी!

पेढेवाल्याच्या दुकानावर 'आमची चौथी पिढी' अशी पाटी असते, तेव्हा पणजोबांच्या वेळचीच चव मिळेल, अशी ग्वाही असते. संगणकाच्या बाजारात 'फोर्थ जनरेशन लँग्वेज', म्हणजेच 'फोर-जीएल', म्हटलं की आधीच्या तीन पिढ्या अडाणी, त्यांचं नावही काढू नका!

नव्वदच्या दशकात आमच्या कॉम्प्युटर क्लासच्या पत्रकावर 'फोर-जीएल' ही अक्षरं 'नोकरीची हमी'पेक्षाही ठळक होती. "आता प्रोग्रॅम लिहायचा नाही, नुसतं सांगायचं," सर म्हणाले. आम्ही फॉक्सप्रो नावाच्या अशाच एका भाषेला 'ब्राउझ फॉर सिटी इज इक्वल टू पुणे' असं सांगितलं आणि पडद्यावर समस्त पुणेकर हजर! पण पुण्याभोवतीची अवतरणचिन्हं राहिली, की तीच चौथी पिढी 'व्हेरिएबल पुणे इज नॉट फाउंड' म्हणून हात वर करी. हे सदाशिव पेठेत बसून ऐकून घ्यावं लागे.

मुळात ही वंशावळ मागाहून लिहिलेली. मशीन कोडचे शून्य-एक मांडणाऱ्या बापड्यांना आपण 'पहिली पिढी' आहोत याचा पत्ताही नव्हता. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला जेम्स मार्टिन यांनी प्रोग्रॅमरविना सॉफ्टवेअर बनवण्यावर पुस्तकच लिहिलं, चौथी पिढी गाजली आणि असेम्ब्ली, फोरट्रान, कोबॉल एका दमात पूर्वज झाले.

प्रोग्रॅमरला घरी बसवण्याची हौस मात्र त्याहून जुनी. फोरट्रानच्या १९५४ च्या प्राथमिक अहवालातच कोडिंग आणि डीबगिंग जवळजवळ संपेल, असं आश्वासन होतं. कोबॉल तर म्हणे साहेबांनाही वाचता येणार होती. (साहेबांनी वाचली नाही.) १९८१ मध्ये ब्रिटनमध्ये 'द लास्ट वन' नावाचा प्रोग्रॅम आला, यापुढे कुणी प्रोग्रॅम लिहायलाच नको, म्हणून हे नाव. तो प्रोग्रॅम लिहून द्यायचा, पण बेसिकमध्ये, म्हणजे तिसऱ्याच पिढीत! १९८२ पासून जपान सरकारने पाचव्या पिढीच्या संगणकावर दहा वर्षं पैसा ओतला. बाजाराने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आणि २००६ मध्ये प्रोग्रेस कंपनीने स्वतःच्याच भाषेच्या नावातून 'फोर-जीएल' काढून टाकलं.

आता कोड न लिहिता सॉफ्टवेअर बनवून देणारं 'नो-कोड' आलंय. विकणारा दारात आला तर चहा जरूर पाजा. फक्त जाताना एवढंच विचारा, "साहेब, तुमच्या कंपनीत प्रोग्रॅमर किती?"