सायकलीचे दफ्तर

कलेक्टर कचेरीत चौतीस वर्षे ज्याने खुर्चीवर काढली, आणि त्यातली अकरा तर अव्वल कारकुनाच्या, म्हणजे बसण्याच्या कलेचा कळस जेथे गाठावा लागतो अशा खुर्चीवर काढली, त्याला वयाच्या साठाव्या वर्षी मेहरूण तलावाच्या काठी पहाटे सहा वाजता चार सभ्य गृहस्थांनी एकमुखाने ‘तुम्हाला बसता येत नाही’ असे ऐकवावे, हा प्रसंग ज्याच्यावर गुदरला नसेल त्याला माझ्या तेव्हाच्या मनःस्थितीची कल्पना यावयाची नाही. मी त्या वेळी पुतण्याच्या सायकलीवर आरूढ होतो, माझे गुडघे कोपरांना लागत होते, आणि सेवानिवृत्तीनंतर शरीरास काही व्यायाम असावा या निरागस हेतूपलीकडे माझ्या मनात काहीही नव्हते. परंतु त्या चौघांनी मला उतरविले, सायकलीची आणि माझी आळीपाळीने पाहणी केली, आणि हिचे माप तुमचे नव्हे, तुम्ही स्वतःची घ्या, असा निकाल जागच्या जागी दिला.

आता सरकारी नोकरीत मुरलेला मनुष्य तोंडी हुकुमावर काही करीत नाही. मी घरी येऊन एक कोरी फाइल काढली, तिच्यावर ‘नवीन सायकल खरेदी करणेबाबत’ असा मथळा घातला, आणि प्रत्येकाची जबानी रीतसर नोंदवून मगच निर्णय करावयाचा अशी तजवीज ठेवली. ही फाइल पुढे जमाबंदीच्या दफ्तराइतकी फुगेल याचा अंदाज मला आला नाही, याचे कारण माझी सायकलविषयक माहिती १९७५ च्या आसपास थांबलेली होती. त्या काळी सायकल घेणाऱ्याला दोनच प्रश्न विचारीत, बावीस इंची की चोवीस इंची. रंग विचारीत नसत, कारण तो काळाच असे. दुकानदार स्टँड, कॅरिअर, घंटी, चेनकव्हर, मडगार्ड आणि कुलूप यांसह गाडी हाती देई, नगरपालिकेचा बिल्ला आपण लावावा, रात्री दिवा न लावल्यास पोलिसाने चाकातली हवा सोडावी, इतका तो संसार सुटसुटीत होता. आमच्या घरी ॲटलास होती. १९५१ साली सोनीपतला निघालेल्या त्या कंपनीचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, नेमका जागतिक सायकल दिनाच्या मुहूर्तावर बंद पडला, ही बातमी मी वाचली तेव्हा एखादा वडीलधारा त्याच्याच वाढदिवशी गेल्यासारखे वाटले होते.

पहिली जबानी सराफांची. जळगावच्या सराफ बाजारात ज्यांच्या तीन पिढ्या गेल्या त्या या गृहस्थांनी सायकलीचा विषय निघताच आवाज खाली आणला आणि सगळे प्रकरण ग्रॅमवर घेतले. “नाना,” ते म्हणाले, “आमच्या धंद्यात वजन वाढलं की किंमत वाढते. ह्या धंद्यात वजन घटलं की किंमत वाढते. एवढं उलटं गणित डोक्यात ठेवा, म्हणजे फसणार नाही.” पोलादी सांगाडा जड पण टिकाऊ, ॲल्युमिनियमचा हलका पण अंगाला हादरे देणारा, कार्बनचा सर्वांत हलका परंतु एकदा तडा गेला की कथा संपली, हे त्यांनी बावीस, अठरा आणि चौदा कॅरट समजावून द्यावे त्या ओघात समजावून दिले. स्टँडची मी चौकशी करताच त्यांच्या चेहऱ्यावर विलक्षण वेदना उमटली. “चारशे ग्रॅम!” ते म्हणाले. ज्या सुरात त्यांनी हे उच्चारले त्या सुरात चारशे ग्रॅमचे सोने घरातून गेल्याची फिर्याद देतात. मी मुकाट्याने ‘स्टँड: नामंजूर’ असा शेरा मारला. कॅरिअर, मडगार्ड आणि चेनकव्हर हेही त्याच बैठकीत निकाली निघाले, आणि अधिक भारी सायकल घेतल्यास तिच्यासोबत पायडलसुद्धा मिळत नाही, ते निराळे घ्यावे लागते, हे ऐकल्यावर मला उमगले की सायकलीच्या किमतीचा आणि वैराग्याचा मार्ग एकच आहे: जितके वर जावे तितके एकेक सुटत जाते.

निवृत्त प्राध्यापकांचे म्हणणे गिअरवर होते. पुढे तीन चकत्या, मागे आठ, म्हणजे चोवीस गिअर. त्यांपैकी जड गिअर हा गुडघ्याचा शत्रू, पाय मिनिटाला ऐंशी-नव्वद वेळा हलका फिरला पाहिजे, हे त्यांनी मला तलावाच्या दोन फेऱ्या होईपर्यंत सांगितले. बँकेतून निवृत्त झालेल्या आबांनी गिअर तुच्छ लेखून सरळ हँडल घ्या, वाकडे घेऊ नका, पाठ गेली की माणूस गेला, असे बजावले. चौथा एक तरुण अभियंता. त्याने बुटाला कुलपासारखे अडकणारे पायडल घेण्याचा आग्रह धरला, आणि चौकशीअंती असे निष्पन्न झाले की हाच इसम आकाशवाणी चौकात सिग्नलला थांबला असता, बूट वेळेवर न सुटल्यामुळे, भर गर्दीत सायकलीसह आडवा झालेला होता. मग तू ते मला का सुचवतोस, असे मी विचारले. तो म्हणाला, “काका, सगळेच पडतात.” त्याच्या स्वरात सल्ल्यापेक्षा सोबतीची याचना अधिक होती.

रात्री मी फाइल पुन्हा वाचली आणि एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात आली. प्राध्यापकांचा गुडघा दुखत होता. आबांच्या मणक्यात गाळा पडला होता. सराफांना तिसऱ्या मजल्यावर राहावे लागे आणि सायकल खांद्यावरून वर न्यावी लागे. प्रत्येकाने मला सायकल सांगितली ती माझी नव्हे; जी घेतली असती तर आपले अमुक दुखले नसते अशी, स्वतःची, हुकलेली सायकल सांगितली. माझे काय दुखते हे एकानेही विचारले नाही, आणि विचारले असते तरी मला काही सांगता आले नसते, कारण तोवर माझे काहीच दुखत नव्हते. उमेदवाराची ही मोठीच अपात्रता होती.

मापाची कार्यवाही घरीच झाली. पाठ भिंतीला लावून ताठ उभे राहावे, दोन्ही मांड्यांच्या मधोमध एक जाडसे पुस्तक वर सारून धरावे, त्याच्या कडेपाशी भिंतीवर पेन्सिलीने खूण करावी, जमिनीपासूनच्या त्या उंचीला ०.८८३ ने गुणावे, म्हणजे बैठकीची उंची निघते, असा विधी आहे. घरात जाड पुस्तक म्हणजे ‘महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६’ ची माझी जुनी प्रत. पेन्सिल घेऊन खाली वाकलेली पत्नी म्हणाली, “अहो, सगळा जन्म हे पुस्तक डोक्याशी धरून बसलात, आज कुठं धरलंत!” उंची अठ्ठ्याहत्तर सेंटिमीटर भरली, गुणाकार अडुसष्ट पूर्णांक नऊ दशांश आला, मी सही केली, दिनांक घातला.

बैठकीची रुंदी हे प्रकरण मात्र अधिक नाजूक होते. मऊ गादीची सीट लांब पल्ल्याला घातक असते, कारण तीत मनुष्य रुततो आणि भलतीकडचे मांस दाबले जाते. भार पडावयाचा तो ढुंगणाच्या दोन हाडांवर, आणि त्या हाडांमधले अंतर मोजूनच सीट घ्यावयाची, असे शास्त्र आहे. मोजण्यासाठी पन्हाळी पुठ्ठ्यावर बसून ठसा उमटवितात. पुठ्ठा पुरविण्याची जबाबदारी आमच्या मंडळींतल्या केळीच्या व्यापाऱ्यांनी उचलली, आणि निर्यातीच्या खोक्याचा एक उत्तम तुकडा घेऊन ते स्वतः आले. मी त्यावर, पाय जरा उंच घेऊन, दोन मिनिटे बसलो. उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसले. व्यापाऱ्यांनी तो पुठ्ठा खिडकीशी नेला, तिरपा धरला, खळग्यांवरून अंगठा फिरवला आणि घडाची प्रतवारी करणाऱ्या नजरेने म्हणाले, “दोन्ही सारखे उतरले नाहीत, नाना. डावा खोल आहे.” अंतर साडेअकरा सेंटिमीटर होते, परंतु डावा खळगा खरोखरच खोल होता. माझ्या टेबलाचा खण चौतीस वर्षे डाव्या हाताला होता. सेवापुस्तकात ज्याची नोंद झाली नाही त्याची नोंद त्या खोक्याने घेतली.

याच गृहस्थांनी खाद्यप्रकरणही आपल्याकडे वर्ग करून घेतले. अभियंत्याने पाकिटातला गोड लगदा, जो प्रवासात तोंडाने पिळून खातात, माझ्या यादीत घातला होता. तो पाहून व्यापाऱ्यांचा संताप अनावर झाला. २०१६ साली ज्या जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळाले, तिच्या गावचा मनुष्य खिशात परदेशी लगदा घेऊन फिरणार काय, असा त्यांचा सवाल होता, आणि त्यास माझ्याकडे उत्तर नव्हते. (भरिताच्या वांग्यालाही त्याच साली मानांकन मिळाले आहे, पण ते सायकलीवर खाता येत नाही, ही सायकलीची मर्यादा होय.)

गादीच्या चड्डीविषयी अभियंत्याने मला बाजूला घेऊन कानात सांगितले की, काका, हिच्या आत दुसरे काही घालावयाचे नसते, शिवण घासते. पूर्वीच्या पिढीत ज्या गोष्टी लग्नाच्या आदल्या रात्री सांगत त्या सुरात त्याने हे सांगितले. पहिल्या धुलाईनंतर ती चड्डी गच्चीवर वाळत पडली असता शेजारच्या सुनेने तिच्यातली ती फुगीर घडी पाहून विचारले, “काकू, नातू आला का हो?” पत्नीने नातवाची कुशलवार्ता सांगून वेळ मारून नेली.

अखेर बेचाळीस हजार रुपये मोजून सायकल आली. तिच्यात प्राध्यापकांच्या गुडघ्यासाठी चोवीस गिअर होते, आबांच्या मणक्यासाठी सरळ हँडल होते, सराफांच्या जिन्यासाठी ॲल्युमिनियमचा सांगाडा होता, आणि स्टँड नव्हते. पायडल मात्र मी साधेच घेतले. सोबतीने पडण्याइतका स्नेह अद्याप जुळला नव्हता.

आता तिची परीक्षा धुळ्यासच व्हावयाची, हे ठरलेलेच होते, कारण तेथे आमचे साडू राहतात. साडू लळिंगच्या किल्ल्यापर्यंत रोज सकाळी सायकलीने जाऊन येतात आणि ‘ब्रेव्हे’ नामक परीक्षांना बसतात. हा फ्रेंच प्रकार आहे: दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत, तीनशे वीस तासांत, चारशे सत्तावीस तासांत, सहाशे चाळीस तासांत. पॅरिसहून ब्रेस्तला जाऊन परत येण्याची बाराशे किलोमीटरची महापरीक्षा नव्वद तासांची, आणि तिचे मूळ १८९१ पर्यंत जाते. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिका या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत, सुमारे ४,८०० किलोमीटर, नऊ दिवसांच्या आत ओलांडली, हे साडू मला दर दिवाळीला सांगतात आणि मग माझ्या पोटाकडे पाहतात. माझे मन मात्र भलत्याच गोष्टीने वेधले होते. या ब्रेव्हेत प्रत्येक स्वाराला एक कार्ड देतात, आणि वाटेतल्या ठरलेल्या नाक्यांवर त्यावर वेळ लिहून शिक्का मारतात. ज्या खेळात शिक्के मारतात तो खेळ आपल्याला परका नाही, अशी माझी खात्री पटली.

श्रावणातल्या एका रविवारी पहाटे साडेपाचला मी निघालो. पत्नी नऊच्या एसटीने येणार होती. बांभोरीचा गिरणेचा पूल ओलांडेपर्यंत सर्व सुखरूप होते. पाळधीच्या पुढे वारा लागला. जळगावहून धुळे पश्चिमेस आहे, पावसाळ्यातला वारा पश्चिमेकडून येतो, आणि साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर ज्याच्या भरवशावर पवनचक्क्यांची रांग उभी केली तोच हा वारा, काहीही वीज निर्माण न करता, नुसता माझ्या छातीवर येत होता. याविषयी फाइलमध्ये एकही जबानी नव्हती. चोवीस गिअरांपैकी बावीस मी एरंडोलपर्यंत परत केले.

पारोळ्याच्या अलीकडे मागच्या चाकाने सुस्कारा सोडला. बाभळीचा काटा. पंक्चरवाल्याने ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवून बुडबुडा धरला, कानसेने घासली, ठिगळ लावले, आणि मग सायकल उभी करण्यासाठी खाली हात घालून बराच वेळ काहीतरी शोधले. “नाना, हिनं स्टँड कोठे शे?” मी वजनाचा सिद्धान्त त्याला समजावला. त्याने किंमत विचारली. मी खरी सांगितली. तो क्षणभर माझ्या डोक्यावरच्या शिरस्त्राणाकडे पाहत राहिला. “इतला पैसामा ते जुनी फटफटी इ जाती ना!” असे म्हणून त्याने सायकल उचलली आणि बाभळीच्याच एका फांदीला अडकवून ठेवली.

साडूंच्या दारी पोचलो तेव्हा दोन वाजले होते. पत्नी केव्हाच येऊन, जेवून, पान खात बसली होती. साडू उंबऱ्यात घड्याळ घेऊन उभे होते. सुमारे पंचाण्णव किलोमीटर. ब्रेव्हेच्या हिशेबाने सहा तास पंचवीस मिनिटे. मला लागले साडेआठ तास. “नाना,” ते खेदाने म्हणाले, “तुम्ही वेळेत बसला नाहीत.”

मी काही बोललो नाही. आत खापरावरचे मांडे उतरत होते, तुपाचा वास येत होता. साडूंनी सायकल स्वतः आत आणली, स्टँड नसल्यामुळे ती भिंतीला लावून पाहिली, ती घसरली. कपाटाला लावली, घसरली. तेव्हा त्यांनी ती दिवाणखान्यातल्या कोचावर, खाली जुनी चादर अंथरून, लोडाला टेकवून नीट बसविली. मग माझ्याकडे वळून, पाहुण्याला म्हणावे तसे, म्हणाले, “बसा ना.”

“नको,” मी म्हटले, “ताट इकडे खिडकीतच द्या. उभाच बरा आहे.”