बँक कोणाकडे?

घरी पत्त्यांचा डाव मांडला की पहिला प्रश्न ‘पिसणार कोण?’ हा नसतो, ‘बँक कोणाकडे?’ हा असतो. आणि तो विचारून होईपर्यंत कोपऱ्यातले एक गृहस्थ बिस्किटांचा गोल पत्र्याचा डबा मांडीवर घेऊन बसलेलेही असतात. त्यांना कोणी निवडलेलं नसतं. ते काम दुसऱ्या कोणाला नको असतं, एवढाच त्यांना मिळालेला कौल. खऱ्या बँकेत नोकरी करणारा एक तरी गडी प्रत्येक ग्रुपमध्ये असतो, पण तो या डब्याला हात लावत नाही. “दिवसभर तेच केलंय, आता मला सुखाने हरू दे,” म्हणतो. मग खजिनदारकी जाते रसायनशास्त्राच्या मास्तरांकडे, नाहीतर दातांच्या डॉक्टरांकडे. म्हणजे ज्यांना थेंबाचा आणि दाण्याचा हिशेब ठेवायची सवय आहे, अशांकडे.

डब्यात कॅमेऱ्याच्या रोलच्या काळ्या डब्या असतात. रोल कधीच गेले, डब्या राहिल्या. एकीत रुपये, एकीत दोनाची नाणी, एकीत पाचाची. दहाची नाणी वेगळ्या पिशवीत, कारण ती वाण्याकडे चालत नाहीत. सगळ्या नमुन्यांची दहाची नाणी वैध आहेत, असं रिझर्व्ह बँकेने एकदा नव्हे, अनेकदा जाहीर केलंय. खजिनदारांनी त्या बातमीचं कात्रण झाकणाला आतून चिकटवलंय. वाणी ते वाचतो, मान डोलावतो आणि नाणं परत करतो.

खजिनदारांची तालीम झालेली असते लोकलमध्ये. माझ्या पाहण्यातले बहुतेक खजिनदार डोंबिवली-कल्याणच्या बाजूचे. चार गुडघ्यांवर एक ब्रीफकेस, तिच्यावर रमी, दर दहा पैसे पॉइंट. पुरा हात अंगावर आला तर ऐंशी पॉइंट, म्हणजे आठ रुपये. घाटकोपर सुटलं की शेवटचा डाव आणि दादर यायच्या आत डायरीत नोंद. पैसे महिन्याअखेरीला. लटकलेल्या माणसांच्या कोपरांखालून ज्याने तीन रुपये वीस पैशांची उधारी लिहून ठेवली, त्याला घरातला सोफा म्हणजे रिझर्व्ह बँकेची इमारतच वाटणार.

घरच्या डावात चिप्स येण्याआधी चिंचोके होते. एक चिंचोका चार आणे. 30 जून 2011 पासून चार आण्याचं नाणं कायद्याने बाद झालं, त्याच आठवड्यात खजिनदारांनी चिंचोका आठ आण्यांवर नेला. चर्चा नाही, मतदान नाही. पुढे कोणाचा तरी भाचा बंगळुरूहून पत्र्याची चकचकीत पेटी घेऊन आला, तिच्यात तीनशे रंगीत चिप्स. रमी मागे पडली, पोकर आला. चिंचोके स्वयंपाकघरात परत गेले. डबा मात्र मांडीवरून हलला नाही.

पोकरमध्ये पत्ते वाटायला दोन मिनिटं लागतात, पैसे वाटायला तास. पांढरी चिप दोन रुपयांची, लाल दहाची, हिरवी पन्नासची. सहा जण, प्रत्येकी पाचशे. सहाही जण येताना एटीएमवर थांबलेले, त्यामुळे डब्यात सहा पाचशेच्या नोटा. रात्री एकपर्यंत तिघे साफ. उरलेल्या तिघांपुढे 1,346, 876 आणि 778. बेरीज बरोबर तीन हजार. ती बरोबर यायलाच अर्धा तास जातो, कारण एक पांढरी चिप सोफ्याच्या गादीखाली असते आणि दुसरी चिवड्याच्या वाटीत.

आता या पाचशेच्या नोटांतून 1,346 द्यायचे कसे? पहिल्याला दोन नोटा, बाकीच्या दोघांना एकेक. वर राहिले 346, 376 आणि 278, म्हणजे नेमके हजार, तेही सुट्टे. शंभराच्या आठ नोटा, पन्नासच्या दोन, विसाच्या चार, पाचाची तीन नाणी, दोनाचं एक आणि रुपये तीन. हे सगळं त्या डब्यातून बाहेर पडतं. ते आलं कुठून, असं आजवर कोणीही विचारलेलं नाही. त्यासाठी खजिनदारांनी आठवडाभर काय केलंय ते फक्त त्यांच्या घरच्यांना ठाऊक. देवळातल्या गुरुजींशी त्यांचा दर गुरुवारी नोटा-नाण्यांचा व्यवहार असतो. दूधवाल्याकडे विसाच्या नोटा राखून ठेवलेल्या असतात. मेडिकलवाल्याने सुट्ट्यांऐवजी गोळी पुढे केली, तर ते ती न घेता तिथेच उभे राहतात, मागे रांग लागली तरी.

आणि एवढ्यावर जिंकणारा म्हणतो, “सोड रे, राउंड फिगर कर. साडेतेराशे दे.”

“मग बाकीच्यांनाही वरच न्यावं लागेल,” खजिनदार चष्मा वर सरकवतात. “साडेतेराशे, आठशे ऐंशी, सातशे ऐंशी. तीन हजार दहा झाले. वरचे दहा कोण देणार?”

“मग खाली आण.”

“खाली आणले तर वीस उरतात. ते कोणाचे?”

इथे खोलीत शांतता पसरते. ज्याने तासाभरापूर्वी दुर्रीच्या जोडीवर डोळा न लववता आठशे रुपये पुढे सरकवले होते, तो आता सहा रुपयांसाठी पाय रोवून उभा असतो. मला हे मनुष्यस्वभावाचं मोठं कोडं वाटत आलंय. पॉटमध्ये गेलेला पैसा नशिबाचा, खिशात येणारा मात्र कष्टाचा.

ते उरलेले वीस रुपये खजिनदार स्वतःकडे ठेवत नाहीत. भीतीपोटी. डावातून घरधन्याने काढलेल्या हिश्शाला आपल्याकडे नाल म्हणतात, आणि 1887 चा जुगारबंदीचा कायदा अजून जिवंत आहे. घरातून असा नफा काढला की घराचा अड्डा होतो, हे त्यांनी वाचलेलं आहे. कायद्याचं त्यांचं वाचन एरवीही दांडगं. 1968 साली सुप्रीम कोर्टाने रमीला कौशल्याचा खेळ म्हटलं, तीन पत्तीला नाही, हे ते प्रत्येक दिवाळीत सांगतात. पोकरबद्दल विचारलं तर म्हणतात, गुजरातच्या हायकोर्टाने 2017 मध्ये जुगार ठरवला आणि बंगालच्या 1957 च्या कायद्याने जुगारातून वगळला, तेव्हा तुम्ही आपले कोलकात्याला जाऊन खेळा. एकदा हरलेल्याने रागाने रुपयाच्या नाण्यांची पुरचुंडी आदळली, तर त्यांनी शांतपणे 2011 चा नाणे कायदा काढला: हजारापर्यंत रुपयाची नाणी घ्यावीच लागतात, आठ आण्यांची दहा रुपयांपर्यंत. मग मोजून घेतली. तर घराचा अड्डा होऊ नये म्हणून तो वीसचा आकडा ‘भेळ’ या खात्यात जातो आणि सात-आठ बैठकांनी खरोखर भेळ येते. तिचंही बिल वहीत.

मोबाइलवरून पैसे जायला लागले तेव्हा वाटलं, संपलं यांचं राज्य. 346 म्हणजे 346, राउंड फिगर नाही, नाणी नाहीत. पण फोनवर नोंद राहते आणि ती नोंद घरात वाचली जाते. मग पैसे पाठवताना कोणी ‘दूध’ लिहितं, कोणी ‘इस्त्री’, एकाने ‘गॅस सिलिंडर’ लिहिलं. हिशेब खजिनदारांच्याच खात्यावरून फिरत असल्यामुळे त्यांच्या पासबुकावरून ते डॉक्टर आहेत की डेअरीवाले, हे आयकर खात्यालाही सांगता येणार नाही. शिवाय कोणी कोणाला पाठवायचे हा गुंता आहेच. सहा जणांचा हिशेब जास्तीत जास्त पाच व्यवहारांत मिटतो. बाकीचे ॲप उघडून बसतात तोवर हे तोंडी सांगून मोकळे: “तू याला चारशे, तू त्याला सोळा, वहिनींच्या पोह्यांचे मी बघतो.”

पोह्यांवरून आठवलं. खजिनदार स्वतःही खेळतात, हे कोणाच्या लक्षातच राहत नाही. तेही पाचशे लावतात आणि सहसा पहिल्या तासात साफ होतात, कारण लक्ष पत्त्यांपेक्षा डब्यात जास्त. ब्लफ त्यांना जमत नाही. हातात दोन एक्के आले की ते सुट्टे मोजायला लागतात आणि ते पाहून बाकीचे खेळाडू पत्ते टाकून देतात. त्यांच्या वहीत सगळ्यांच्या नावापुढे वर्षभराची जमा-हार आहे, स्वतःच्या नावापुढे मात्र ‘समायोजन’ असं लिहिलेलं असतं. कमी पडलं तर त्यांच्या खिशातून भर, उरलं तर भेळ. या नोकरीला पगार नाही, बढती नाही आणि निवृत्तीही नाही. एकदा ते लग्नासाठी नाशिकला गेले होते, त्या शनिवारी डाव झाला आणि हिशेब पुढच्या बुधवारपर्यंत चालला. दोघे अजून एकमेकांशी बोलत नाहीत, रक्कम चौदा रुपये.

तेव्हा येत्या दिवाळीत कोणाकडे पत्ते खेळायला जाणार असाल, तर एवढं करा. एटीएमवरून थेट जाऊ नका. वाटेत काहीतरी विकत घ्या, पाचशेची नोट मोडा आणि खिशात शंभराच्या चार आणि दहाच्या दहा घेऊन जा. दहाची नाणी असली तरी चालतील. तिथे ती घेतात.