प्लगची मोठी पिन कापणाऱ्या कारागिरास खुले पत्र

कारागीर महाशय,

तुमचे नाव मला ठाऊक आहे, पण इथे लिहीत नाही. साखऱ्यात आणि आसपासच्या गावांत ज्यांच्या घरी मंडपाचा साउंड आहे, त्यांना ते सांगावे लागणार नाही. तुम्ही ‘दुरुस्त’ केलेला कॉम्प्रेसर सध्या माझ्या टेबलावर उघडा पडला आहे. त्याच्या पोटात जे सापडले ते चारचौघांत बोलायलाच हवे. अशाच आणखी पेट्या तुमच्या हाताखालून गेल्या आहेत, आणि त्यांच्या माईकपुढे रोज कुणीतरी माणूस उभा राहतो आहे.

प्लगची मोठी पिन, म्हणजे अर्थिंगची, तुम्ही मुळासकट कापलीत. वर कानसही फिरवलीत, कुणाच्या बोटाला टोचू नये म्हणून. बोटाला टोचण्याची एवढी काळजी, आणि त्याच बोटातून करंट जाण्याची अजिबात नाही? बरे, एकट्या कॉम्प्रेसरवर तुमचे समाधान झाले नाही. रॅकमधला एकही प्लग तुम्ही सोडला नाहीत, मिक्सरचाही नाही.

ज्यांना ही वस्तू माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. हा फ्रिजचा किंवा पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर नव्हे. १९ इंची रॅकमध्ये बसणारी, जेमतेम पावणेदोन इंच उंचीची चपटी पेटी असते. आवाजाला लगाम घालणे हे तिचे काम. कीर्तनात बुवा निरूपण करताना कुजबुजतात आणि पुढच्याच क्षणी टिपेला जातात; मागून मृदंगाची थाप येते. आपण ठरवलेल्या मर्यादेच्या वर आवाज १२ डेसिबल गेला, तर ४ला १ या प्रमाणावर ठेवलेला कॉम्प्रेसर त्याला ३ डेसिबलच वर जाऊ देतो. दर ३ डेसिबलला स्पीकरवर पडणारी पॉवर दुप्पट होते, हे लक्षात घेतले की हॉर्नचे डायफ्रॅम का जळतात आणि ही पेटी का लागते हे कळते. संत नामदेवांच्या नरसीच्या जिल्ह्यात कीर्तनाचा शेवटचा शब्द मागच्या ओळीतल्या म्हातारीपर्यंत पोचावा, म्हणून लोक वर्गणीतून पैसे काढून ही यंत्रे घेतात.

आता तुमच्या कामगिरीकडे येतो. तक्रार हमिंगची होती, आणि ते थांबवायला तुम्ही पिन कापलीत. हमिंग आले की आधी ते कुठून येते ते शोधायचे असते. इनपुटची केबल काढायची. तरीही घुमत असेल तर दोष पेटीच्या आत. थांबले तर बाहेर. दुसरी खूण त्याहून सोपी. आपली वीज ५० हर्ट्झची. अर्थिंगचा फेरा पडला, म्हणजे मिक्सर आणि रॅक दोन वेगवेगळ्या ठिकाणी अर्थ झाले, तर मुख्यतः ५० हर्ट्झचा घुमारा येतो. पेटीतला फिल्टर कपॅसिटर सुकला असेल तर रेक्टिफायरमुळे १०० हर्ट्झचा येतो, म्हणजे बरोबर एक सप्तक वर. दोन्ही सूर पांढरी पाचच्या जवळचे. ज्याचा कान भजनात तयार झाला आहे, त्याला यासाठी मीटरही लागत नाही. तुमचा कान पंगतीत तयार झाला काय?

हमिंगचा दोष बाहेरच होता. या पेटीला तीन तारांचे बॅलन्स्ड इनपुट दिलेले आहे. त्यात तुम्ही दोन तारांची मोनो जॅक खुपसलीत. दोन अर्थिंगमधल्या फरकाचा करंट मग केबलच्या जाळीतून वाहणारच, आणि आवाजात मिसळणारच. उपाय होता तीन तारांची केबल. नाही तर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. तेही नको असेल तर मिक्सर आणि रॅक एकाच बोर्डावर घ्यायचे. अगदीच अडले तर त्या तीन तारांच्या केबलची जाळी एका टोकाला सोडायची. कापायचेच होते तर तिथे कापायचे! सिग्नलची जाळी तोडली तर फार तर खरखर वाढते. विजेची अर्थ तोडली की माणूस जातो.

‘गावात अर्थिंग धड कुठे असते,’ हे तुमचे उत्तर माझ्या कानावर आले आहे. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतावे लागते, हे मोटारपंप चालवणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. तो ओततो. मंडपाच्या कोपऱ्यात अर्थिंगचा रॉड ठोकून त्याच्या बुडाशी घागरभर पाणी टाकायला कितीसा वेळ लागतो? शिवाय ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी मिळतो. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून परत आला नाही, म्हणजे माणसाच्या अंगातून जमिनीत चालला, की तो लाइन तोडतो. अर्थिंग नाही म्हणून पिन कापणे म्हणजे रस्ता खराब आहे म्हणून गाडीचे ब्रेक काढून ठेवणे.

फ्यूजचेही तेच. ही पेटी वीसेक वॅट खाते, म्हणजे २३० व्होल्टवर एक दशांश अँपिअरहूनही कमी. तिला मिलिअँपिअरमधला फ्यूज असतो आणि त्याचा आकडा मागच्या बाजूला छापलेला असतो. तुम्ही जळालेल्या फ्यूजवर तांब्याच्या वायरची एक तार गुंडाळलीत. ०.२ मिलिमीटर जाडीची तार वितळायला सातेक अँपिअर लागतात. तोवर आत वितळायचे काही शिल्लक राहील का? फ्यूज पुन्हापुन्हा उडत होता, कारण आत बिघाड होता. तो सांगत होता, आणि तुम्ही त्याचे तोंड बंद केलेत.

आतला तो बिघाडही तुम्ही तसाच ठेवलात. अशा पेटीत अधिक १५ आणि उणे १५ व्होल्ट लागतात. बहुतेक वेळा ७८१५ आणि ७९१५ हे दोन रेग्युलेटर ते देतात. दिसायला जुळे भाऊ, पण पाय वेगळे आणि पाठही वेगळी. ७८१५ची पाठ ग्राउंडला असते, बॉडीला टेकली तरी बिघडत नाही. ७९१५ची पाठ थेट त्याच्या इनपुटला असते. म्हणून त्याच्यामागे अभ्रकाची चकती आणि स्क्रूला प्लास्टिकचे बूच लागते. तुम्ही ७९१५ बदललात आणि जुनीच, तडा गेलेली चकती परत लावलीत. दुकानात थंड पेटी चालली. टेम्पोत हादरे बसले, मंडपात चाळीस अंशांवर रॅक तापला, चकती सरकली आणि रेग्युलेटरची पाठ बॉडीला टेकली. ट्रान्सफॉर्मरवर सरळ शॉर्ट. खरा फ्यूज असता तर त्याच क्षणी उडाला असता. तुमची तार तशीच राहिली. ट्रान्सफॉर्मर भाजत गेला आणि प्रायमरीचे इन्सुलेशन जळाले. २३० व्होल्टला पेटीच्या पत्र्याकडे वाट मिळाली. तिथून केबलच्या जाळीने मिक्सर, मिक्सरमधून माईकची धातूची जाळी. वाटेत त्याला जमिनीत नेणारी पिन तुम्ही आधीच कापून ठेवली होती.

पिन, फ्यूज आणि चकती, या तुमच्या तीन जुगाडांपैकी एकच केले असते, तर शाबूत राहिलेल्या बाकीच्या दोन गोष्टींनी माणसाला वाचवले असते. तुम्ही तिन्ही केलेत.

त्या कीर्तनात बुवा अनवाणी उभे होते. माईक धरताच हात आखडला, सुदैवाने झटक्यात माईक सुटून पडला. पायाखाली कोरडी सतरंजी होती, तीही जाड. आरतीचे पाणी तिथे सांडलेले असते तर हे पत्र मी पोलीस ठाण्यात बसून लिहिले असते. पेटी माझ्याकडे आली तेव्हा सिरीज बोर्डाला लावताच १०० वॅटचा दिवा लख्ख पेटला, म्हणजे आत शॉर्ट. इन्सुलेशन तपासणारा मेगर लावला, प्रायमरी आणि पत्रा यांच्यात मेगओहम यायला हवे, तिथे काही किलोओहम आले. एवढ्या तपासणीला दहा मिनिटेही लागत नाहीत. सिरीज बोर्ड तुमच्याही भिंतीवर आहे, मी पाहिला आहे. त्याच्यावर मोबाइल चार्ज होतो.

मला राग येतो तो यासाठी, की ही यंत्रे दुरुस्तीला सोपी आहेत. अमेरिकी ध्वनितंत्रज्ञ बिल पटनम यांचा ११७६ हा कॉम्प्रेसर १९६७ साली आला, त्याला अर्ध्या शतकाहून अधिक काळ लोटला. त्या जुन्या पेट्या जगभर अजून वाजतात, कारण कुणीतरी त्या नीट उघडतो, सर्किट वाचतो, सुकलेला कपॅसिटर बदलतो. आपल्याकडच्या साध्या पेट्यांत तर टीएल०७२सारखी बाजारात कुठेही मिळणारी आयसी असते. बिघाड बहुधा ठरलेले: उष्णतेने सुकलेले कपॅसिटर (दर १० अंश वाढीला त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते), धुळीने खरखरणारे नॉब, हादऱ्याने निघालेले ड्राय सोल्डर. कपॅसिटर घेताना ८५ अंशांऐवजी १०५ अंशांचा मागावा, एवढेच डोके लागते. सगळा माल चहा-फराळाच्या पैशांत येतो. लोकांनी तुम्हाला विश्वासाने पैसे दिले होते, घासाघीसही केली नव्हती.

आता माझे मागणे ऐका. कुणाकुणाचे रॅक तुमच्याकडे येऊन गेले ते तुमच्या वहीत असेलच. पुढचे सप्ताह बसण्याआधी त्या प्रत्येकाला स्वतः फोन करा आणि सांगा, की प्लगला तीन पिना दिसल्याशिवाय रॅक चालू करू नका. प्लग आणि फ्यूज पदरच्या पैशाने बदलून द्या. ते करायचे नसेल तर रॅक माझ्याकडे पाठवा; पिना मी बसवीन, मेगर मी लावीन, आणि बिल तुमच्या नावावर फाडीन. या कॉम्प्रेसरच्या नव्या ट्रान्सफॉर्मरचे बिल सोबत जोडले आहे.

साखरा, जि. हिंगोली
तुमच्याच धंद्यातला एक