आयाचा पगार कोणी विचारला?

मूल सांभाळायला ठेवलेली बाईच वैरीण निघते, ही सिनेमाची जुनी भीती. 1992 साली हॉलिवूडने ती 'द हँड दॅट रॉक्स द क्रेडल'मध्ये दाखवली, पुढच्याच वर्षी आपल्याकडे 'खलनायिका'त अनु अगरवालने. दोन्हीकडे बाई सूड घ्यायलाच घरात शिरते. प्रेक्षक सुटतो: बाई वाईट, विषय संपला.

लैला स्लिमानी ही फ्रेंच लेखिका वाचकाला असं सोडत नाही. 2016 चं गोंकूर पारितोषिक मिळालेल्या तिच्या कादंबरीतली आया मुलांचा जीव घेते, पण तिच्या डोक्यावरचं कर्ज आणि जाऊ घातलेलं भाड्याचं घरही पानापानांतून दिसत राहतं. मालकिणीला मात्र ते दिसत नाही.

ही झाली आया ठेवू शकणाऱ्या घरांची गोष्ट. भिवंडीत यंत्रमागाची कांडी भरायला किंवा वळ-माणकोलीच्या गोदामात पॅकिंगला जाणारी आई मूल शेजारच्या मावशीकडे ठेवते. पारखून बाई ठेवणं तिला कुठलं परवडायला? अंगणवाडी काही तासांची, तीही तीन वर्षांवरच्यांसाठी. मावशीकडे आणखी किती पोरं आहेत, हे विचारायलाही ती कचरते. मावशी नाही म्हणाली तर शिफ्ट बुडाली.

2016 मध्ये खारघरच्या पाळणाघरात आयाने दहा महिन्यांच्या मुलीला मारहाण केली. कॅमेरा होता, चित्रण पाहिलं गेलं ते मुलीला इजा झाल्यावर. मारणारीला शिक्षा व्हायलाच हवी. पण जानेवारी 2025 मध्ये वांद्र्याला एका अभिनेत्याच्या घरी चोर शिरला, तेव्हा बाळासाठी त्याला अडवून जखमी झाली तीही आयाच. हिला देवी, तिला राक्षसीण म्हणून आपण मोकळे होतो. कामाचे तास आणि पगार दोघींचाही विचारत नाही.

2017 साली प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती झाली. 50 वा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर हवं, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ दिलं पाहिजे. चार वेळा! एवढी राखण कुठला कॅमेरा करेल? शेजारच्या आस्थापनांनी मिळून एकच पाळणाघर काढायलाही कायद्याने वाट ठेवली.

गोदाममालकांनो, 50 चा आकडा भरायची वाट बघू नका. एकेका कंपाउंडात रांगेने गाळे आहेत तुमचे. ट्रक उभे करायला जागा निघते, तशी मुलांसाठी एक खोली काढा. तिथे दोन आया ठेवा, त्यांना नीट पगार द्या, आठवड्याची सुट्टी द्या.